पाच दिवस तिथे करायचं काय?

मागच्या अंकात मी बंगारम बेटावरच्या तंबूतल्या मुक्कामाबद्दल जेमतेम पंधरा ओळी लिहिल्या होत्या. लिहिताना वाटलं होतं, कोण वाचतंय! तर पत्रांचा ढीग आला, आणि एका गृहस्थांनी मला मंडईत मेथीची जुडी हातात असताना गाठून "परवाना कुठे मिळतो हो?" असं विचारलं. म्हणून या वेळचं सगळं पान बेटाचंच. ज्यांचा मागचा अंक चुकला त्यांच्यासाठी इतकंच: बंगारम लक्षद्वीपमध्ये आहे. अगत्तीला विमानाने उतरायचं आणि तिथून होडीने जायचं. गाव नाही, दुकान नाही. माडांची दाटी आहे आणि त्या माडांखाली पलंग, न्हाणीघर, एसी असलेले कापडी तंबू आहेत. मी आणि आमचे हे गेल्या फेब्रुवारीत तिथे पाच रात्री राहून आलो. 32 वर्षं बँकेच्या काउंटरवर लोकांच्या नोटा मोजून झाल्यावर मी स्वतःच्या नोटा कशावर घालवल्या, याची चर्चा माझ्या बहिणींत अजून चालू आहे.

प्रश्न: येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला 30 वर्षं होतील. मुलगा आणि सून आम्हाला पाच रात्री बंगारमला पाठवतायत. मिस्टर चाकणच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले. त्यांचं एकच पालुपद: "पाच दिवस तिथे करायचं काय? ना देऊळ, ना बाजार, ना बघायला काही." मी बेटावर तीनच रात्री ठेवून उरलेल्या दोन दिवसांत मुन्नार उरकावं का? (एक वाचक, कर्वेनगर)

मुन्नार घेऊ नका. मुन्नारशी माझं वैर नाही. पण कोचीहून चार तास घाट चढायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच उतरायचा, याला सुट्टी म्हणत नाहीत, शिफ्ट ड्यूटी म्हणतात. तुम्हीच "उरकावं" असा शब्द लिहिला आहे, बघा.

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न आमच्या ह्यांनी शब्दशः विचारला होता, आणि तोही होडीत बसल्यावर, म्हणजे परतीचा रस्ता बंद झाल्यावर. हे वीज मंडळातून निवृत्त झाले. रिकामं बसणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी सामान टाकून हे बेटाला प्रदक्षिणा घालायला निघाले. तासाभरात परत. मग उलट्या दिशेने दुसरी. मग जनरेटर कुठे आहे याची चौकशी. लक्षद्वीपची वीज बहुतांश डिझेलवर, आणि डिझेल येणार जहाजाने, हे कळल्यावर त्यांचे डोळे जे चमकले ते माझ्या नव्या साडीकडे बघून कधी चमकले नव्हते. संध्याकाळपर्यंत बेट संपलं होतं. रात्री तंबूत दिवा मालवताना म्हणाले, "झालं. आता उद्या काय?"

दुसरा दिवस वाईट गेला, हे लपवत नाही. नाश्ता झाला, नऊ वाजले, आणि पुढे दिवसच दिवस पडलेला. मीही सारखी घड्याळाकडे बघत होते. पुण्यात दुपारी एक ते चारच्या विश्रांतीवरून आपल्याला लोक इतकं चिडवतात, पण ते तीन तास आपण हक्काने झोपतो, कारण त्याच्या अलीकडे-पलीकडे काम असतं. अलीकडे-पलीकडे काहीच नसेल तर झोपही येत नाही.

सुटका झाली ती भरती-ओहोटीमुळे. माझं माहेर हर्णैजवळचं. आजोबा बंदरावर न जाता घरबसल्या भरतीची वेळ सांगायचे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, भरती तीनला. अष्टमीला सहाला. हिशोब साधा आहे. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, आणि आजोबांची पाऊणपट म्हणजे दिवसाला 45 मिनिटं. दुसऱ्या दुपारी मी ह्यांना सहज ते सांगितलं. ह्यांनी लगेच डायरी काढली, पंचांगाचं पान मोबाइलवर शोधलं आणि पाण्याच्या काठावर एक काठी रोवली. आजोबांचा आकडा तिथे उतरला नाही. तो कोकणच्या किनाऱ्यासाठी बांधलेला हिशोब, लक्षद्वीपला भरतीची वेळ वेगळी. पण रोजची पाऊण तासाची सरक बरोबर उतरली. होडीवाल्याने ती काठी बघून विचारलं, हे काय? ह्यांनी हिंदीत समजावलं. तो हसला. त्याला काठीची गरज नव्हती, पण त्या दिवसापासून तो ह्यांना "इंजिनियर साब" म्हणून हाक मारायला लागला.

आणि मग आमचा दिवस पाण्याने लावून दिला. बंगारमभोवती प्रवाळाचं कडं आहे, त्या कड्याच्या आत उथळ, हिरवट-निळं, शांत पाणी. त्याला लगून म्हणतात. भरती असली की लगूनमध्ये पोहायचं. पाणी छातीपर्यंत, लाट नाही, मासे पायांमधून जातात. ओहोटी लागली की बेटाच्या टोकाला वाळूचा दांडा उघडा पडतो, त्यावरून चालत जायचं. समोरच्या तिण्णकरा बेटावर होडी कधी न्यायची तेही पाणी बघूनच ठरायचं. काल दहाला होतं ते आज पावणेअकराला. म्हणजे काल जे केलं तेच आज केलं तरी वेळ वेगळी, ऊन वेगळं, पाण्याचा रंग वेगळा. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनीही मनगटावरची घड्याळं काढून ठेवली. ठरवून नव्हे, वाळू जात होती म्हणून.

चौथ्या दिवशी दुपारी हे माडांना बांधलेल्या झोळीत कोचीचं तीन दिवसांपूर्वीचं इंग्रजी वर्तमानपत्र छातीवर ठेवून घोरत होते. ताई, चौथ्या दिवशी! तीन रात्रींत परतला असतात तर हा मुक्काम तुम्हाला मिळालाच नसता. नुसती दोन वाईट दिवसांची तयारी मिळाली असती. म्हणून पाच.

आता तारखा. मुलाला सांगा, विमानाचं भाडं बघण्याआधी पंचांग बघ. अमावास्येच्या आसपास गेलात तर दोन फायदे. एक, उधाण असतं, भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, वाळूचे दांडे लांबपर्यंत उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, पाणी नुसतं थोडं वर-खाली होतं. दुसरं, काळोख. चंद्र नसेल त्या रात्री पाण्यातले सूक्ष्म जीव हलवले की निळसर चमकतात. आम्हाला ते एकाच रात्री दिसलं. मी पाय ओढत चालले तर पावलांच्या कडेने ठिणग्या. ह्यांना मी हाक मारली, तर हे चपला न घालता धावत आले, हे महत्त्वाचं. या माणसाने आयुष्यात कधी चपलांशिवाय उंबरा ओलांडलेला नाही. पण हे रोज दिसेलच अशी खात्री कुणी देत असेल तर त्याच्याकडून बुकिंग करू नका.

जाण्याची घडी नीट बसवा. आमच्या पुण्यातल्या एजंटाने पुणे-कोची आणि कोची-अगत्ती ही दोन्ही विमानं एकाच सकाळी घातली होती. पहिलं उशिरा सुटलं, दुसरं आमच्या डोळ्यांदेखत गेलं, आणि पहिल्या रात्रीचे तंबूचे पैसे पाण्यात. एजंट म्हणाला, "मॅडम, वेदर." पुण्यात तेव्हा लख्ख ऊन होतं. अगत्तीला छोटं एटीआर विमान जातं, कोचीहून साडेचारशे किलोमीटरच्या वर अंतर, सव्वा-दीड तास लागतो. ते चुकलं की दुसरं लगेच नसतं. तेव्हा आदल्या रात्री कोचीतच झोपा. मला पुन्हा जायचं झालं तर मी पूर्णा एक्स्प्रेसने एर्नाकुलम गाठेन. आठवड्यातून एकदाच आहे, एक दिवसाहून जास्त वेळ घेते, पण डबा, पुस्तक आणि खिडकी असली की घाई तिथेच उतरायला लागते.

उतरताना खिडकीशी बसा. अगत्तीची धावपट्टी इतकी अरुंद जमिनीवर आहे की दोन्ही खिडक्यांतून समुद्रच दिसतो. आमच्या शेजारच्या बाई रामरक्षा म्हणत होत्या. मीही ओठ हलवले.

प्रश्न: मी हिंजवडीत नोकरी करतो. तुम्ही म्हणता त्या तंबूचं भाडं रात्रीला 25 हजारांच्या आसपास दिसतंय. तंबू! काँक्रीट नाही, टीव्ही नाही, पोहायचा तलाव नाही. यात लक्झरी कुठे आहे? ही सरळ लूट नाही का? (एक वाचक, वाकड)

तुम्हाला अरे-तुरे करत नाही, पण माझा भाचा तुमच्याच वयाचा आणि तुमच्याच भागात राहतो, त्यामुळे एक प्रश्न विचारते. उन्हाळ्यात तुमच्या सोसायटीत दिवसाला किती टँकर येतात? भाच्याकडे मार्चपासून रांग लागते. एक टँकर साधारण 10 हजार लिटरचा. तो आकडा डोक्यात ठेवा.

बंगारमसारखं बेट म्हणजे अटॉल, आपल्याकडे कंकणद्वीप म्हणतात. डार्विनने 1842 मध्ये मांडलं की ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू समुद्रात खचतो आणि त्याच्या कडेने प्रवाळ वर वर वाढत राहतं. डोंगर बुडतो, कंकण उरतं. म्हणजे पायाखाली आपला काळा कातळ नाही, प्रवाळाचा चुरा आहे. नदी नाही, ओढा नाही, धरण बांधायला दरी नाही. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम एक-दोन मीटर उंच. पुणे 560 मीटरवर, म्हणून आपल्याला ही काळजी कळतच नाही. पावसाचं पाणी त्या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण ते हलकं असतं. दुधावर साय धरावी तसं. विहिरीत पंप लावून ही साय ओरबाडली की खालून खारं पाणी वर येतं आणि विहीर बिघडते.

म्हणून 2005 मध्ये लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला, समुद्राचं पाणी गोड करणारा कारखाना उभा राहिला. वरचं कोमट पाणी हवेचा दाब कमी करून वाफेत बदलायचं आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ गार करून तिचं पुन्हा पाणी करायचं. हे काम चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने केलं. क्षमता रोज 1 लाख लिटर. म्हणजे तुमचे दहा टँकर. 2011 च्या जनगणनेत कवरत्तीची लोकसंख्या 11 हजारांच्या वर होती. करा भागाकार. माणशी बादलीसुद्धा भरत नाही, ते पिण्याचं पाणी आहे. आणि ही राजधानीची गोष्ट. तुम्हाला बंगारमला पोहायचा तलाव हवाय.

बाकीचं सगळं जहाजाने येतं: तांदूळ, गॅस, डिझेल, गाद्या, बल्ब, तुमच्या आम्लेटातला कांदा. तो कांदा बहुधा आपल्याच नाशिककडचा असणार, लासलगावहून निघून माझ्यापेक्षा जास्त प्रवास केलेला. पावसाळ्यात मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला, तेव्हा पर्यटक नाहीत, कमाई नाही, पण कापड आणि लाकूड खारं वारं खातच राहतं. काँक्रीट करायचं तर वाळू तिथली उपसायची नाही, म्हणजे तीही आणायची. तंबू हलका पडतो, उचलता येतो, जमिनीत खोल पाया लागत नाही.

हे सगळं धरूनही भाडं जास्तच आहे. लूट म्हणणार नाही, पण "आलिशान" या शब्दाचे पैसे त्यात निश्चित आहेत. पहिल्या संध्याकाळी थंड टॉवेल आणि शहाळं घेऊन चार माणसं ओळीने उभी होती, तेव्हा मला लग्नात व्याह्यांचं स्वागत चाललंय असं वाटलं. त्याची मला गरज नव्हती. मला आवडलं ते वेगळंच. सकाळी कुणी दार वाजवत नव्हतं, कारण दार नव्हतंच. पंखा बंद केला की पाल्यावर खरखर ऐकू यायची. शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे रात्रभर तंबूभोवती फिरत. पहिल्या रात्री मी ह्यांना चोर म्हणून उठवलं होतं.

तुमचं वय बघता सांगते, आत्ता जाऊ नका. रजा मागून, लॅपटॉप घेऊन तर अजिबात जाऊ नका. जानेवारी 2024 पासून कोचीहून समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल लक्षद्वीपला पोचली आहे, त्यामुळे नेटवर्क नाही ही सबब आता बॉसला पटणार नाही.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का? (एक दाम्पत्य, सदाशिव पेठ)

नाही. भात, सांबार, नारळ घातलेल्या भाज्या, डोसे मिळतात. पाचव्या दिवशी नारळ या विषयावर तुमचं मत बदलेल एवढंच. शेंगदाण्याची चटणी आणि भडंग न्या. आम्ही नेलं होतं, अर्धं होडीवाल्याच्या मुलांना गेलं. त्यांच्याकडून बदली नीरेचा गूळ मिळाला, गडद आणि किंचित धुरकट चवीचा. चहात घालून बघा.

तुम्ही शाकाहारी असलात तरी एक सांगते, कारण ते बघण्यासारखं आहे. इथले लोक टूना मासा जाळ्याने नव्हे, काठी आणि गळाने धरतात. जिवंत छोटे मासे पाण्यात फेकायचे, टूनाचा थवा वर आला की काठ्यांचा सपाटा. एका गळाला एकच मासा. लक्षद्वीपच्याच मिनिकॉय बेटावर तो उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक करतात, त्याला मासमीन म्हणतात. मी एक तुकडा आणला होता. आमच्या इमारतीत तीन दिवस खिडक्या बंद होत्या.

दारूबद्दल तीन पत्रं आली, तिन्ही निनावी. तिन्हींना एकच उत्तर: तिथली वस्तीची बेटं मुस्लिम समाजाची आहेत, दारूबंदी पाळली जाते. बॅगेत बाटली घालून नेऊ नका. आणि अगत्तीच्या गावातून चालताना पोहण्याच्या कपड्यांवर फिरू नका.

प्रश्न: वय 74, डावा गुडघा बदललेला. नात म्हणते आजी चल. जमेल का? (एक आजी, बिबवेवाडी)

चालणं जमेल. जमीन सपाट आहे, चढ-उतार नाही, तंबूत कमोड आहे. कठीण आहे ते होडीत चढणं-उतरणं. होडी डोलते आणि पाय नेमका कुठे टाकायचा ते दुसऱ्याने सांगावं लागतं. माझ्या आधी एक आजोबा दोन पोरांनी खांद्याला धरून अलगद उतरवले, लाजायचं कारण नाही. वाळूत गुडघ्यावर ताण येतो, काठी न्या, तिच्या तळाला रबरी रुंद टोपण लावा. बंगारमला इस्पितळ नाही, ते अगत्तीला आहे, आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवावं लागतं. रक्तदाब, साखर आटोक्यात असेल तरच जा. औषधं मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची आणि हातातल्या पिशवीत. हवामानाने विमान रद्द होतं तेव्हा खोबरं मिळतं, गोळ्या मिळत नाहीत.

प्रश्न: मी पर्यावरणशास्त्र शिकते. लक्षद्वीपचं प्रवाळ 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये उष्णतेने पांढरं पडलं. अशा ठिकाणी मजा करायला जाणं तुम्हाला टोचलं नाही का? (एक विद्यार्थिनी, डेक्कन)

टोचलं. पण गेल्यावर, आधी नाही. आधी मला हे ठाऊकच नव्हतं.

मी पहिल्यांदा काचेचा चष्मा लावून पाण्यात तोंड घातलं तेव्हा रंगीत बागेची अपेक्षा होती. दिसलं ते बरचसं तपकिरी, मोडक्या फांद्यांसारखं, आणि मध्येच एखादा जिवंत, जांभळट गड्डा, त्याच्याभोवती माशांची जत्रा. आमच्यासोबतच्या पोराने सांगितलं, त्याच्या लहानपणी इथे असं नव्हतं. तो पंचविशीचा होता. पाणी फार दिवस तापलं की प्रवाळातला जीव आपल्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला बाहेर टाकतो, आणि ते शैवालच त्याला अन्न करून देत असतं. रंगही त्याचाच. मग पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाही तर मरतं. हे तू मला शिकवायचं, मी बँकवाली.

तंबूतला पाहुणा समुद्र तापवत नाही, निदान एकटा नाही. पण तो प्रवाळावर उभा राहतो. मी डोळ्यांनी बघितलं. एक गृहस्थ दमले म्हणून चक्क एका गड्ड्यावर उभे राहून पत्नीला फोटो काढायला सांगत होते. पोहता येत नसेल तर फुगवलेलं जाकीट घाल, पाय खाली टेकवू नकोस, पायांना लावायचे पंखे हळू मार. सांडपाणी आणि विहिरी, हा खरा प्रश्न. कुठल्याही मुक्कामाला बुकिंगच्या आधी विचार, मैल्याचं पाणी कुठे जातं? मी विचारलं होतं. फोनवरच्या मुलीने मला दोनदा होल्डवर ठेवलं, पण उत्तर आणलं.

आणि बेट म्हणजे कायमची वस्तू नव्हे. बंगारमच्याच कंकणात परळी नावाची तीन छोटी बेटं होती. बीडच्या परळीशी संबंध नाही, हो! त्यांपैकी एक संपूर्ण झिजून गेल्याचं 2017 मध्ये अभ्यासकांनी नोंदवलं. होडीवाल्याने जाताना हाताने दाखवलं. तिथे नुसतं पाणी होतं, थोडं फिकट रंगाचं. ह्यांनी डायरी काढली आणि काहीच लिहिलं नाही.

बेटाची वाळूही प्रवाळाचीच. पोपटमासे चोचीने प्रवाळ खरवडून खातात आणि त्याचा चुरा बाहेर टाकतात. ज्या पांढऱ्याशुभ्र पुळणीवर नवीन जोडपी फोटो काढतात, तिचा बराचसा भाग माशांची विष्ठा आहे. हे मी तिथे जेवणाच्या टेबलावर सांगितलं आणि दोन टेबलं आमच्यापासून लांब सरकली.

तरी जावं का? माझं मत, एकदा जावं आणि जास्त दिवस राहावं. दोन-दोन रात्रींच्या तीन सहलींना तीनदा विमान, तीनदा होडी, तीनदा चादरी धुणं. पाच-सहा रात्रींना एकदाच. तुला हे उत्तर सोयीचं वाटेल, आणि ते माझ्या सोयीचं आहेच. तुझ्याकडे याहून चांगलं असेल तर लिही, पुढच्या अंकात छापू.

प्रश्न: परवाना काय प्रकार आहे? भारतातच तर आहे! (मंडईतले गृहस्थ)

भारतातच आहे, तरी लागतो. 1967 चे नियम आहेत, तिथे राहणारे सोडून बाकी सगळ्यांना प्रवेशासाठी परवाना. आमचा तंबूवाल्यांनीच काढला. आमच्याकडून ओळखपत्र, फोटो आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला. त्यासाठी आम्ही 66 आणि 70 वर्षांची जोडी चौकीत बाकावर बसलो होतो. हवालदाराने विचारलं, "कुठे निघालात, काका?" ह्यांनी सांगितलं, "बेटावर." तो म्हणाला, "का, काय केलंत?" महिना-दीड महिना हाताशी ठेवा. गणपती उरकले की लागा कामाला, थंडीतल्या तारखा आधी भरतात.

प्रश्न: एवढे पैसे नाहीत. बेट बघायचं आहे. (एक वाचक, धनकवडी)

कोचीहून सरकारी जहाज घ्या. बेटाप्रमाणे 14 ते 20 तास लागतात. लक्षद्वीप प्रशासनाची "समुद्रम" नावाची सहल आहे, त्यात एमव्ही कवरत्ती जहाजावर झोपायचं आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय बघायचं. मिनिकॉयचा दीपगृहाचा मनोरा चढा. संथपणा मिळणार नाही, रांगा मिळतील, पण समुद्र तोच. जहाजाच्या कठड्याला टेकून काही न करता उभं राहणं तर फुकट आहे.

प्रश्न: नातवासाठी शंख, प्रवाळाचा तुकडा आणता येईल का?

प्रवाळ नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, मेलेला तुकडासुद्धा. शंखही राहू द्या, वर लिहिलेल्या खेकड्यांना घर लागतं. मी नातवासाठी ह्यांच्या डायरीतलं भरतीच्या वेळांचं पान फाडून दिलं. त्याने त्याचं विमान केलं.

प्रश्न: तिथे पुणेकर भेटतात का? (एक वाचक, पाषाण)

भेटतात. आमच्यापासून तिसऱ्या तंबूत औंधचं एक कुटुंब होतं. पहिल्या सकाळी त्यांनी विचारलं, इथे फिरायला काय काय आहे. सहाव्या दिवशी आम्ही होडीत बसलो तेव्हा त्या घरातले काका ह्यांची काठी मागायला आले. ह्यांनी दिली, आणि कुठे रोवायची ते होडी सुटेपर्यंत ओरडून सांगत राहिले.